शेवटच्या तिजेचा थर

एसटी थांबली आणि कंडक्टर ओरडला, "मोहतोडे फाटा! चला, मोहतोडेवाले उतरा!"

मिना उतरली. खांद्यावर पिशवी, काखेत माणसाच्या उंचीचे दोन जाड पाइप. उतरता उतरता तिने कंडक्टरकडे असं पाहिलं की त्याचा दुसरा पुकारा घशातच राहिला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बाळापूर-डोंगरकडा रस्त्यावर त्याची नुकतीच बदली झाली होती आणि फाट्याला सगळे जे म्हणतात तेच तो म्हणत होता. फाट्यावरून उजवीकडे गाव आणि डावीकडे बंजाऱ्यांचा तांडा. मोहाचं बन तांड्याने तोडलं, म्हणून तांडा मोहतोड्यांचा आणि फाटाही मोहतोड्यांचा. पंचवीस वर्षं हे नाव लोकांच्या तोंडात बसलं होतं. ते ज्याने बसवलं त्या शिवशंकर पाटलाच्या उसाला मात्र कुणी नावं ठेवत नव्हतं.

गावाच्या गायरानात ओढ्याकाठी एक सपाट पट्टी होती, तिच्यावर मोहाची जुनी झाडं. खाली ओढ्याला कातळ आडवा आलेला, त्याच्यामागे डोह. चैतात मोहाचा सडा पडला की तांड्याच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जायच्या. वाळवलेल्या फुलांवर उन्हाळा निघायचा. असलं झाड बंजारा कशाला तोडेल? स्वतःची दुभती म्हैस कुणी कापतं का? पण एका श्रावणात जंगलखात्याची जीप आली, बन कुणी तोडलं म्हणून चौकशी झाली आणि शिवशंकरने तांड्याकडे बोट दाखवलं. तांड्याचा नाईक होता वसराम, मिनाचा बाप. त्याला पारावर बोलावून घेतलं. शिवशंकरच्या सांगण्यावरून त्याच्या घरच्या सालगड्याने, ग्यानबाने, वसरामच्या गळ्यात दोरीने कुऱ्हाड बांधली आणि जीप परत येईपर्यंत त्याला तसंच बसवून ठेवलं. सगळं गाव बघून गेलं. कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. बोललं कुणीच नाही.

मिना तेव्हा लहान होती, तिची पहिलीच तीज होती. श्रावणात तांड्याच्या कुवार पोरी टोपलीत वारुळाची माती आणि शेळीच्या लेंड्या कालवून गहू पेरतात, नाईकाच्या दारातल्या मचाणावर टोपल्या ठेवतात, रोज पाणी घालून गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी हिरवेगार तरारलेले कोंब डोहात सोडतात. त्या वर्षी बाप हिंगोलीच्या कोठडीत असताना पोरी टोपल्या घेऊन डोहावर गेल्या, तर डोहाला काटेरी तार आणि तारेपुढे शिवशंकर उभा.

"ज्या हातांनी बन तोडलं त्या हातांचा गहू ह्या पाण्यात पडायचा न्हाई," तो म्हणाला होता.

पोरी परत आल्या. मचाणावर गहू पिवळा पडला. न बुडवलेली तीज घरात ठेवायची कशी आणि फेकायची कुठे? शेवटी मिनाच्या याडीने, म्हणजे आईने, बेबीबाईने, ती रडत रडत बैलापुढे टाकली. वसराम सुटून आला तेव्हा एकच बोलला, "डोह मिळंपर्यंत तांड्यात तीज न्हाई." त्यानंतर तो गावच्या पारावर कधी चढला नाही. बाळापूरच्या बाजारालाही शेतातून लांबचा फेरा घालून जायचा. शिवशंकरने मोकळ्या झालेल्या पट्टीवर ऊस लावला. झाडं तांड्याने तोडली, जमीन नुसती पडून होती, वसरामला नेल्यावर तीन वर्षांनी मी फक्त नांगर घातला, असं तो सांगायचा. सांगून सांगून ते खरं झालं.

मिना आश्रमशाळेतून नांदेडच्या कॉलेजात आणि तिथून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचली, ते पुढचं. लोक ज्ञानासाठी विद्या घेतात म्हणे. मिनाने ती सूडासाठी घेतली आणि त्याची तिला काडीची लाज नव्हती. कॉलेजात एके दिवशी सरांनी फळ्यावर पान काढलं. प्रत्येक पानावर मेणाचा पातळ लेप असतो, ते म्हणाले. पान कुजतं, पण मेण सहसा कुजत नाही. पाऊस ते धुऊन ओढ्यात नेतो, ओढा ते गाळात पुरतो. झाडाचं मेण वेगळं, गवताचं वेगळं. नदीचा गाळ खणा, त्यातले रेणू मोजा, काठावर कधी काय उगवत होतं ते गाळ सांगेल. बाकीच्या पोरांनी ते परीक्षेसाठी लिहून घेतलं. मिनाने पेन खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांपुढे एकच डोह होता, आणि त्याच्याभोवती काटेरी तार.

त्याच डोहावर आता ती उभी होती. चैत संपत आला होता, डोहाचं पाणी गुडघ्याला आलं होतं. शिवशंकर बांधावर खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा झाला होता, पण मिशी तशीच. भोवती पाच-सात माणसं. मागे ग्यानबा, तोही म्हातारा.

"काय घेऊन राहिली पोरी?" शिवशंकरने विचारलं.

"गाळ, काका."

तिचा बाप त्याला मालक म्हणायचा. ती काका म्हणाली, आणि ते त्याला बरोबर लागलं.

"घे की," तो हसला. "गाळच तर ऱ्हायला तुमच्या वाट्याला. काय करतीस त्याचं?"

"बोलता करते. पट्टीवर मोह कवापर्यंत व्हते आन ऊस कवा आला, ते त्याला माहीत हाय."

 शिवशंकरने खुर्चीत अंग पुढे घेतलं. चार माणसांत माघार घेणारा तो नव्हताच, आणि मिनाला हे चांगलं माहीत होतं. तिने हळूच पुढचं टाकलं, "गाळ म्हणला, माह्या बापाला नेलं त्याच्या आधीच तिथं ऊस व्हता, तर?"

"तर तीच कुऱ्हाड माह्या गळ्यात घाल! औंढ्याच्या नागनाथाची आन!" तो गरजला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "आन न्हाई म्हणला तर? तर तुह्या बापानं पारावर यायचं आन सगळ्या गावापुढं म्हणायचं, बन म्या तोडलं. हाय कबूल?"

 मान तिची नव्हती, बापाची होती.

"कबूल," ती म्हणाली.

दोन्ही पाइप शेजारी शेजारी डोहाच्या तळात ठोकले. एक तिने पुण्याला न्यायचा. दुसरा तोंडं बंद करून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायचा, कपाटाला शिवशंकरचं स्वतःचं कुलूप. पोरीने वाटेत गाळ बदलला असं उद्या कुणी म्हणायला नको. शिवशंकरला ही अट फार आवडली. त्याने कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

घरी गेल्यावर तिने बापाला सांगितलं. वसराम दारात बसून दोर वळत होता. त्याचे हात थांबले.

"माही मान लावून आलीस?"

"व्हय, बापू."

"इचारायचं तरी व्हतं."  मग हात पुन्हा चालू झाले. "लाव. नुसती ठिवून तरी काय उपेग व्हता."

पुण्यात पाइप उभा चिरला तेव्हा आत काळा गाळ दिसला, घट्ट, पट्ट्यापट्ट्यांचा. कातळामागचं पाणी शांत, म्हणून दर पावसाळ्याचा थर वेगळा ओळखू येत होता. मिनाने थर सोलले, मेण काढलं, यंत्रात घातलं. पहिला निकाल आला आणि ती खुर्चीतून उठलीच. गवताचं मेण! वरच्या थरांत गवत, मधल्या थरांत गवत, आणि खोल खालीही गवत. ऊस म्हणजे तरी काय, एक उंच गवतच. म्हणजे शिवशंकरचा ऊस फार जुना. तिने लगेच याडीला फोन लावला. इतका आनंद तिला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

"याडी, सापडला! खालपासून वरपर्यंत नुसतं गवत हाय."

"खालपासून?" बेबीबाई म्हणाली. "खालपासून कसं असंल? माहं लगीन झालं तवा तर पट्टीवर सूर्य दिसत नव्हता, एवढे मोह व्हते."

"पण गाळात गवत हाय म्हणते ना."

 मग बेबीबाई सहज बोलली, सहज बोललेलंच जास्त लागतं, "मग आमचा गहू असंल तो. दरसाल पोरी तिथंच सोडायच्या की. माही सुद्धा असंल त्याच्यात. पाण्यात टाकलेली तीज जाईल कुठं?"

मिना खाली बसली. गहूसुद्धा गवतच. तीस-चाळीस टोपल्या दर श्रावणात, त्याच पाण्यात. दुसऱ्या कुणा शास्त्रज्ञाची ही चूक माफ होती, त्याला तीज काय माहीत? पण ती तांड्याची पोर, नाईकाची लेक, आणि तिच्या हिशेबात तीज आलीच नाही. का आली नाही ते तिला लगेच कळलं आणि अंगाचा भडका उडाला. तिने आयुष्यात तीज डोहात सोडलेलीच नव्हती. तिच्या डोळ्यांनी पाहिलेली तीज पाण्यात नाही, बैलाच्या तोंडात गेली होती. शिवशंकरने तिच्याकडून तेवढंही काढून घेतलं होतं, आणि आता त्याच भोकातून तो निसटणार होता. बापाला पारावर चढावं लागणार होतं. ते शब्द म्हणावे लागणार होते.

 सहकाऱ्यांनी चहाला हाक मारली तर तिने अशी मान हलवली की त्यांनी परत विचारलं नाही. चिरलेला पाइप समोर होता. संतापाने बघता बघता तिची नजर एका गोष्टीवर अडली. काळ्या गाळात खालच्या अंगाला बारीक, फिकट, तांबूस रेघा होत्या. दर थरात एक. आधी तिने त्या पुराच्या मातीच्या म्हणून सोडून दिल्या होत्या. वारुळाची माती! टोपलीतली, चाळलेली, मऊ. रेघा वर वर येत होत्या, आणि एका जागी थांबल्या होत्या. त्याच्यावर एकही नाही.

मिनाने त्या जागेवर बोट ठेवलं. इथे तिची तीज असायला हवी होती. नव्हती. तार इथे ठोकली गेली होती.

मग ती हसली. प्रयोगशाळेत एकटीच, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

पुढचं काम तिने घाई न करता केलं. गव्हाच्या कोंड्यात एक खास रेणू असतो, झाडात नाही, उसातही नाही. तो शोधला. रेघांच्या थरांत तो भरपूर होता, रेघा संपल्या तिथे संपला. मग मेणातला कार्बन तोलायला दिला. मोह आणि गहू हवेतला कार्बन एका रीतीने खातात, ऊस, मका, ज्वारी दुसऱ्या रीतीने. या दुसऱ्या मंडळींच्या मेणात जड कार्बन थोडा जास्त उतरतो आणि तो लपवता येत नाही. मक्याची, ज्वारीची रानं सगळी डोहाच्या खालच्या अंगाला. डोहात पाणी येतं ते फक्त पट्टीवरून. हा जड कार्बन कुठे सुरू होतो, एवढंच पाहायचं होतं. तोच गाळ, कुठला ते न सांगता, तिने दुसऱ्या एका शहरातल्या प्रयोगशाळेतही पाठवला.

दोन्ही निकाल एकच आले. ते वाचून तिने आईला फोन केला नाही. रजा टाकली आणि राखीच्या आधी तांड्यावर पोचली.

"बापू, यंदा तीज पेरायची हाय," ती म्हणाली. तीज पेरायला नाईकाचा होकार लागतो.

"डोह मिळाला?"

"मिळंल."

"मिळंल न्हाई. मिळाला का?"

"न्हाई अजून. पण तुमी हा म्हणा."

वसरामने तिच्याकडे रोखून बघितलं. पोरीच्या तोंडावर जे होतं ते त्याने पूर्वी कधीतरी आरशात पाहिलं असावं. तो उठला, फावडं घेतलं आणि स्वतः वारुळाकडे गेला. संध्याकाळी मचाणावर टोपल्या लागल्या. तांड्यातल्या नातवंडांनी तीज म्हणजे काय ते म्हाताऱ्यांना विचारून घेतलं. पोरींच्या रांगेत पस्तिशीची मिना उभी राहिली तेव्हा बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. तीज कुवार पोरीची, आणि मिनाचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा बोलायची सोय नव्हती. बेबीबाई मात्र हसली नाही. परत वाळली तर, एवढंच ती पुटपुटली, आणि पाण्याचा पहिला तांब्या तिने स्वतः घातला.

त्या साली गोकुळाष्टमी पंधरा ऑगस्टलाच आली होती. झेंडावंदन झाल्यावर पारावर ग्रामसभा भरली. कपाट उघडून पाइप आणला होता. कुलूप शिवशंकरने स्वतःच्या किल्लीने काढलं. पाराच्या एका टोकाला, पिंपळाला टेकून, वसराम बसला होता. त्याला तिथे पाहून लोक आपसात कुजबुजत होते. त्याच्या मांडीवर जुन्या धोतराच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मिना उठली तसा शिवशंकरही उठला. तो तयारीने आला होता.

"माहं एकच इचारणं हाय," तो लोकांकडे वळून म्हणाला. "ही म्हणणार, अमुक थरात ऊस हाय. असंल! माहा ऊस हायेच तिथं. पण तो थर कोणत्या सालचा हे कोण सांगणार? गाळावर काय तारीख लिवली व्हती का?"

लोक हसले. मिनाही हसली.

"न्हाई, काका. म्हणून तर तुमालाच इचारते. तुमी डोह आमाला कवा बंद केला?"

"कवा म्हंजी? तुह्या बापाच्या गळ्यात कुऱ्हाड घातली त्याच श्रावणात! तार म्या उभं राहून ठोकून घेतली."

"आन मग? चोरून-लपून कुणी पोरगी गहू सोडून गेली असंल, तुमाला काय पत्ता."

"माह्या डोहात?" शिवशंकरला ते झोंबलं. "एक दाणा पडू दिला न्हाई! त्या सालापासून आजपर्यंत एक दाणा न्हाई. इचार गावाला. हाय का न्हाई रे ग्यानबा?"

"व्हय," ग्यानबा म्हणाला. "एक दाणा न्हाई."

"सगळ्यांनी ऐकलं?" मिनाने विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

तिने पाइप आडवा ठेवला आणि करवतीने चिरला. दोन फाका उघडल्या. काळा गाळ उन्हात चमकला आणि त्यातल्या तांबूस रेघा लांबूनही दिसल्या. लोक पुढे सरकले.

"ह्या रेघा बघा. ही वारुळाची माती, तिजेच्या टोपलीतली. दर श्रावणाची एक रेघ. आन इथं बघा, इथं संपल्या. ह्याच्यावर एक बी न्हाई. रेघा जिथवर, तिथवरच गव्हाच्या कोंड्याचा अंश गाळात हाय. दोन प्रयोगशाळांनी तपासलं, दुसरीला तर हा गाळ कुठला ते बी माहीत नव्हतं." तिने शेवटच्या रेघेवर नख ठेवलं. "ही माह्या बापाला नेलं त्याच्या आधल्या सालची तीज. ह्याच्या वरची माही असती. ती तुमी पडू दिली न्हाई. काका, गाळावर तारीख नव्हती, खरं हाय. तुमीच घातली. तार ठोकून घातली."

शिवशंकरच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

"आता ऊस," मिना म्हणाली, आणि तिचं नख खाली सरकलं. एक रेघ ओलांडली, दुसरी, तिसरी. "इथपर्यंत मोहाचं मेण. ह्याच्यावर मोह एकदम कमी आन उसाचं मेण सुरू. पडीक रानाचं तण मधी न्हाई, काही न्हाई. मोह गेला आन त्याच पावसात ऊस आला. ज्यानं झाड तोडलं त्यानंच कांडी लावली. आन ह्याच्यावर तीन तिजा हायेत. आमच्या पोरी तीन साल तुमच्या उसातून वाट काढून डोहावर तीज सोडत व्हत्या, काका. मग जीप आली आन तुमाला मोहतोड्या पाहिजे झाला."

 खरं सांगायचं तर गावाला पुरावा नकोच होता. ऊस कधी उभा राहिला हे ज्यांना डोळे होते त्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांना फक्त तोंड उघडायला निमित्त हवं होतं, आणि ते आता पारावर उघडं पडलं होतं.

"बापासाठी पोरगी खोटं बोलून राहिली," शिवशंकर म्हणाला. आवाज आधीचा नव्हता.

"कुलूप तुमचं व्हतं, मालक," मागून ग्यानबा म्हणाला. जन्मभर व्हय म्हणणारा माणूस पहिल्यांदा आपणहून एक वाक्य बोलला, आणि शिवशंकर त्या वाक्यावर मटकन खाली बसला.

वसराम उठला. धोतराचा तुकडा सोडवत तो पुढे आला. पंचवीस वर्षं जपलेल्या त्या कुऱ्हाडीचं पातं गंजलं होतं, दोरी मात्र नवी होती. त्यानेच वळली होती. सरपंच हात जोडून मध्ये आला.

"नाईक, झालं गेलं. म्हातारं माणूस हाय. नातू-पंतूवाला. तुमी मोठं मन करा."

"मी बी तवा लेकराचाच बाप व्हतो," वसराम म्हणाला.

मग तो शिवशंकरसमोर थांबला, कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि मान हलवली. "इथं न्हाई."

पारावरच्या लोकांनी एकदम श्वास सोडला. नाईक मोठ्या मनाचा निघाला, असं दोघं-तिघं बोललेही. शिवशंकरने डोळे पुसले आणि हात जोडायला उचलले.

"इथं न्हाई," वसराम पुन्हा म्हणाला. "उद्या डोहावर. तार तुमच्या हातानं काढायची, मालक. आन कुऱ्हाड गळ्यात घालून काढायची. नागनाथाची आन तुमी घेतली, म्या न्हाई. यायचं का न्हाई ते तुमी आन नागनाथ बघा."

मिनाने बापाकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की राग फक्त तिनेच जपला. म्हातारा दोर वळत होता तो कशासाठी, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी शिवशंकर आला. देवाला भिऊन आला की गावाला, कोण जाणे. सगळं गाव डोहावर उतरलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी पारावर उतरलं होतं तसंच. ग्यानबाने कुऱ्हाड त्याच्या गळ्यात बांधली. ती गाठ त्याला येत होती. मग शिवशंकर वाकून एकेक खुंट्यावरची तार सोडवू लागला. तो वाकला की कुऱ्हाड पुढे लोंबायची, सरळ झाला की छातीवर आपटायची. दोनदा त्याच्या बोटाला काटा लागला. मदतीला कुणी गेलं नाही.

तार निघाली आणि पोरी डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या. सगळ्यात मागे मिना. टोपलीतला गहू वीतभर झाला होता, पोपटी, दाट. लहानपणी आपल्याला तो असा डोक्यावर कधी घेताच आला नाही, हे तिला आठवलं. ती डोहात कमरेपर्यंत गेली. कोंब मुळासकट उचलून पाण्यावर ठेवले. ते थोडे तरंगले, फिरले आणि वारुळाची तांबूस माती पाण्यात सोडत हळूहळू खाली गेले. सूड घेतल्यावर मन हलकं होतं की रितं होतं, याबद्दल शहाणे लोक बरंच काही सांगतात. मिनाला तसलं काही झालं नाही. तिला ते गोड लागलं, अगदी शेवटच्या घासापर्यंत.

काठावर बायांची गाणी चालू होती. एक संपलं की दुसरं. ऊन चढलं. शिवशंकर उसाच्या बांधाला उभा होता, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, गळ्यात कुऱ्हाड. पोरींच्या टोपल्या कधीच रिकाम्या झाल्या होत्या, तरी एक म्हातारी नवं गाणं काढायची आणि बाकीच्या हात धरून फेर धरायच्या. गावातल्या दोघी-चौघीही फेरात शिरल्या.

शेवटी त्याने न राहवून विचारलं, "अजून किती येळ, बाई?"

बेबीबाईने फेर न सोडता त्याच्याकडे पाहिलं.

"पंचवीस सालांची गाणी ऱ्हायलीत, मालक," ती म्हणाली. "उभं ऱ्हावा जरा."

मिना पाण्यातून वर आली आणि बापाशेजारी बसली. कुऱ्हाड कधी काढायची ते नाईकाने सांगायचं होतं. ग्यानबा त्याच्या तोंडाकडे बघत थांबला होता. वसरामने चंची उघडली, तंबाखू काढली, चुना लावला आणि सावकाश मळायला घेतली. त्याला कसलीच घाई नव्हती.